स्थळ उन्हाचे असावे

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या कार्टीचा नमस्कार. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. मेट्रनपणातून निवृत्त झालीस तरी पत्र उघडल्या उघडल्या तू नाडी शोधायला लागतेस, म्हणून हे पहिल्या ओळीतच लिहून टाकलं.

मला भाज्यांचं वेड लागलंय. खायचं नाही, लावायचं. आमच्या चष्म्याच्या दुकानात बियाणं विकणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांना जवळचा चष्मा करून दिला, तर पहिल्यांदाच स्वतःच्या पाकिटांवरची अक्षरं नीट दिसली म्हणून खूश होऊन त्यांनी मला पाकिटंच दिली. कोबी, फ्लॉवर, पालक, गाजर, मुळा, वाटाणे. सोबत एक माहितीपत्रक. ते मी इतक्यांदा वाचलंय की आता तसंच बोलायला लागलेय. काल मालकांना म्हणाले, या फ्रेमची उगवणक्षमता कमी दिसते. ते माझ्याकडे बघतच राहिले.

पत्रक म्हणतं, थंडीत भाजी खायची तर उकाड्यातच बी रुजत घालावं. म्हणजे आपण घामाने निथळत असताना कोबीची चिंता करायची. कोबी आणि फ्लॉवर आधी छोट्या भांड्यात, सावलीत. चार-पाच पानं आली की वाफ्यात. गाजर आणि मुळा थेट जमिनीत, कारण त्यांना जागा बदललेली खपत नाही, अगदी तुझ्यासारखं. पालकाला उकाड्यात रुजायचाच कंटाळा, म्हणून त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलंय. भांडी म्हणशील तर दुकानाच्या माळ्यावर पत्र्याची जुनी चष्म्याची घरं धूळ खात पडली होती, ती घेतली. शेजारच्या चावीवाल्यांनी त्यांच्या यंत्रावर प्रत्येक घराच्या बुडाला भोकं पाडून दिली, पाणी निथळायला. माणूस बोलतो कमी, पण भोकं एका रेषेत पाडतो.

आज सकाळी कोबी उगवला. मी कामावर जायचं सोडून बाल्कनीत उकिडवी बसले आणि त्या दोन पानांना म्हणाले, आलात का. वय विसरले, ताई. पन्नाशी उलटल्याचं कोणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं.

पत्रकाचं पहिलंच वाक्य आहे, 'प्रथम योग्य स्थळ निश्चित करावे. स्थळ उन्हाचे असावे.' इथेच माझं घोडं अडलं होतं, कारण बाल्कनीत ऊन येतं ते नुसतं डोकावून जातं. पण आता पान उलट, बातमी मागे आहे.

स्थळ मिळालं. चावीवाल्यांचं. इतकी वर्षं खिडकीतून रोज दिसत होतं आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. शेवटी लाज सोडून मीच जाऊन विचारलं, आणि ते लगेच हो म्हणाले. थंडी पडायच्या आत सगळं उरकायचंय. दुकान उघडायची वेळ झाली, पळते.

तुझी
धाकटी

---

७ ऑगस्ट

श्रीयुत चावीवाले यांस,

नमस्कार. तुमच्या शेजारच्या चष्म्याच्या दुकानात काम करते, तिची मी थोरली बहीण. तिचे पत्र काल आले. पहिली पाने कोबीची होती, ती मी वाचली नाहीत. मागच्या पानावर स्थळाचे वाचले आणि उभी होते ती खाली बसले. आजवर तिला एकही स्थळ पसंत पडलेले नाही. मी किती दाखवली, पण प्रत्येकात तिला काहीतरी खोट दिसायची. तुमचे तिने स्वतः पाहिले, स्वतः विचारले, यावरूनच काय ते समजले.

तरी मोठी म्हणून चार गोष्टी विचारते, राग मानू नये. किती जुने आहे? याआधी कोणी होते का, आणि आता कोणाचा हक्क, कोणाचा गुंता शिल्लक आहे का? मूळची प्रकृती कशी आहे? पोसायला जड जाईल का? काही दोष असेल तर तो आताच सांगावा, मागाहून कळले की मनस्ताप होतो.

तिला मात्र हे पत्र दाखवू नये. मी मध्ये पडले की तिला राग येतो.

आपली,
तिची ताई

---

१२ ऑगस्ट

आदरणीय ताई यांस,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेषही काही नाही, पण आपण आपुलकीने विचारलंत म्हणून लिहायला बसलो. आपल्या भगिनींनी इतकी स्थळं पाहून नाकारली, हे मला ठाऊक नव्हतं. आमचं पसंत पडलं याचा आनंद आहे.

नेमकं वय सांगता येत नाही, कागद वाळवीने खाल्ले. जुनं आहे, ते लपवत नाही. पूर्वी एका बाईंना दिलं होतं, पण त्या दोन वर्षांत कंटाळून निघून गेल्या. तेव्हापासून रिकामंच पडून आहे, कोणाचा हात लागलेला नाही. भाऊ हक्क सांगायचा, त्यानेही आता नाद सोडला.

प्रकृती म्हणाल तर वरून कडक वाटतं, पण जरा पाणी मिळालं की मऊ पडतं. दुपारी तापतं, संध्याकाळी निवतं. पावसात बुडाशी पाणी धरतं. मागच्या बाजूला मुंग्या आहेत. मोठा दोष एकच, पोटात दगड आहेत. त्यातले दोन मी मागच्या आठवड्यात पहार लावून काढले. राहिलेले हळूहळू निघतील. पोसायला अजिबात जड नाही. शेण आणि कुजलेला पालापाचोळा मिळाला की भागतं.

परवा आपल्या भगिनींनी स्वतः सगळीकडे हात घालून पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. तरी आपण एकदा येऊन डोळ्यांखालून घालावं.

आपला,
चावीवाला

---

१५ ऑगस्ट

धाकटे,

आशीर्वाद नंतर देईन, आधी बस. तुझ्यापासून लपवून मी चावीवाल्यांना पत्र टाकलं होतं, आणि त्यांचं उत्तर आलंय. माणूस सच्चा आहे. संकोचीही असावा, स्वतःबद्दल सगळं तिऱ्हाइतासारखं लिहितो. पण पोरी, तू नीट चौकशी केलीस का? त्यांना दुपारचा ताप येतो. अंगात पाणी धरतं, म्हणजे पायांना सूज असणार. पाठीकडे मुंग्या येतात. पोटात खडे आहेत, आणि त्यातले दोन त्यांनी घरच्या घरी पहार लावून काढले असं ते लिहितात. मी आयुष्यभर वॉर्डात काढलं, पण असं ऐकलं नव्हतं. जेवणाचं तर मी इथे लिहूसुद्धा शकत नाही. बिचाऱ्याला दोन घास करून घालणारं कोणी नाही हे त्यावरून दिसतंच.

आधीची बायको सोडून गेली म्हणे. जाईल नाहीतर काय.

आणि तू. सगळीकडे हात घालून पाहिलंस, असं त्यांनी मला, तुझ्या थोरल्या बहिणीला, शाईने लिहून कळवलंय. मी काही बोलत नाही. तुझं वय झालेलं आहे.

पण हे नीट ऐक. माझा नकार नाही. आजार बरे होतात, माणसं मिळत नाहीत. तीस वर्षं मी तुझ्यासाठी बघत आले आणि तीस वर्षं तू माझ्यासमोरून उठून गेलीस. मी गेल्यावर तुझा चहाचा दुसरा कप कोण पिणार, या एका विचाराने माझी झोप उडते. म्हणून औषधाला लागले आहे. खड्यांवरची बाटली त्यांना पार्सलने धाडली, पायांच्या सुजेसाठी घट्ट मोजेही मागून पाठवतेय. पहारीला हात लावू देऊ नकोस.

तुझी
ताई

---

१९ ऑगस्ट

ताई, अगं ताई,

काय करून ठेवलंस हे?

ते स्थळ म्हणजे जमीन. चावीवाल्यांच्या दुकानामागचा मोकळा तुकडा. वाफे करायचे म्हणून मी तो मागितला. पत्रकात 'स्थळ' लिहिलंय म्हणून मीही ऐटीत 'स्थळ' लिहिलं, आणि तू कोबीची पानं न वाचता थेट शेवटच्या पानावर उडी मारलीस. दगड जमिनीच्या पोटात आहेत. मुंग्या म्हणजे मुंग्या, चावणाऱ्या. आधीच्या बाई तिथे फुलझाडं लावायच्या. आणि हात मी मातीत घातला होता.

तुझं पत्र मी नुकत्याच पेरलेल्या मुळा-गाजराच्या वाफ्याच्या कडेला बसून वाचलं. 'पहार लावून' इथपर्यंत आले आणि हसता हसता आडवी झाले. तेवढ्यात चावीवाले आले, हातात तुझी बाटली. अगदी गंभीरपणे म्हणाले, ताईंनी दगडांवर औषध पाठवलंय, वर लिहिलंय जेवणानंतर दोन चमचे, म्हणजे खत घातल्यानंतरच ना? आता मी काय सांगणार? हो म्हटलं. त्यांनी चमच्याने मोजून प्रत्येक वाफ्याला औषध पाजलं. मी तोंडात पदराचा बोळा कोंबून घरी पळाले.

जिन्यात पोचेपर्यंत हसत होते. घरात शिरले आणि अचानक रडूच आलं. का ते मला विचारू नकोस, कारण मलाही नीट कळलेलं नाही. एवढं कळलं की तुझं पत्र वाचताना मला, दरवेळी येतो तसा, राग आलाच नाही.

तेव्हापासून मी तिकडे फिरकलेले नाही. त्यांच्याकडे बघितलं की मला आधी मोजे आठवणार आणि मग बाकीचं. इकडे कोबी-फ्लॉवर चष्म्याच्या घरांत मावेनासे झालेत. बाल्कनीत ऊन पुरत नाही म्हणून काडीसारखे उंच होऊन उजेडाकडे माना वाकवतायत. लवकर बाहेर काढले नाहीत तर वाया जातील. पण जाऊ कशी?

तुझ्या पायाशी बसून सांगते, त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. आणि माझ्या बाजूनेही काही बोलू नकोस. तू बोललीस की मी पळते, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

तुझी
मूर्ख धाकटी

---

२८ ऑगस्ट

आदरणीय ताई यांस,

नमस्कार. मोजे मिळाले.

औषधापर्यंत मला काही वाटलं नव्हतं. पण वाफ्याला मोजे कशाला, हे कितीही डोकं खाजवलं तरी कळेना. मग आपलं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं, त्यानंतर माझं उत्तर आठवून पाहिलं, आणि दुकानाचं शटर खाली ओढून आत बसलो. गिऱ्हाइकांनी ठोठावलं तरी उघडलं नाही. इतकं हसू मला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

तर आता तेच प्रश्न मला विचारलेत असं धरून उत्तरं देतो. वय साठीला टेकलंय. संसार झाला होता. ती आजारात गेली, त्याला खूप काळ लोटला. मुलगी दूर आहे, सुखात आहे. कोणाचा गुंता नाही. पोटात दगड नाहीत, पाय सुजत नाहीत, शेण खात नाही. मोजे परत करायला हवेत, पण ते उबदार आहेत, ठेवून घेतो.

दोष विचारलात. दोष असा की मला बोलता येत नाही. आपल्या भगिनी रोज संध्याकाळी मागे येऊन मुळ्याशी, गाजराशी गप्पा मारायच्या, आणि मी आत बसून ऐकायचो. आठवडा उलटून गेला, त्या आल्या नाहीत. या आठवड्यात मी कापलेल्या चाव्या गिऱ्हाइकं परत आणून देतायत.

मी त्यांना विचारणार नाही. त्या नाही म्हणाल्या तर वाफ्यावर यायचंही थांबेल, आणि ते मला सोसायचं नाही. आपणही कृपा करून काही बोलू नका. ताई बोलली की मी पळते, असं त्यांनीच एकदा मला हसत सांगितलं होतं. आपल्याला जे वाटेल ते वाटू द्या, पण गप्प राहा. एवढंच मागतो.

आपला,
चावीवाला

---

२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे.

तुझं पहिलं पत्र आता मी पूर्ण वाचलं. पालक फ्रिजमध्ये ठेवलेत हे वाचून क्षणभर दचकले, आपले पालक तर केव्हाच गेले. मग लक्षात आलं. भाजीची माहिती चांगली लिहिली आहेस.

झाल्या प्रकारात चूक माझीच. चावीवाल्यांबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. मला कोणाचं पत्रबित्र आलेलं नाही.

कोबीला पाणी किती घालतेस? सकाळी घालावं. गाजर उगवायला वेळ घेतं, असं मी एका पुस्तकात वाचलं. हो, मी वाचनालयातून पुस्तक आणलंय. त्यात दिलंय की रोपं वेळेवर बाहेर लावली नाहीत तर ती कायमची खुरटतात, मग पुढे कितीही खत घाला. हे रोपांबद्दल आहे. वाटाणे पेरायच्या आधी भिजत घालावेत, पण फार वेळ ठेवू नयेत, कुजतात. कुठल्याच गोष्टीचं घोंगडं फार दिवस भिजत ठेवू नये. हेही वाटाण्यांबद्दलच आहे.

दुसरं काही नाही. खरंच नाही. शेजारीण परवा विचारत होती, तुम्ही सारख्या ओठ का चावता म्हणून.

तुझी
ताई

---

२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं मागचं पत्र वाचून मी आधी घाबरले. तुला बरं नसेल असंच वाटलं. दोन पानं भरून तू माझ्या लग्नाबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस आणि गाजराची चौकशी करतेस, हे लक्षण चांगलं नव्हतं. पत्र उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात तरी काही असेल म्हणून. काही नव्हतं.

मग गंमत झाली. तू मला कुठे ढकलत नव्हतीस, त्यामुळे पळायला जागाच उरली नाही. इतकी वर्षं मी तुझ्यापासून पळण्यात इतकी गुंतले होते की मला स्वतःला काय हवंय ते बघायला फुरसतच मिळाली नव्हती. बाल्कनीत बसले आणि पहिल्यांदा शांतपणे स्वतःला विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. मुळ्याशी गप्पा मारायला कोणी रोज केस नीट विंचरून जात नाही, ताई.

पुढच्या संध्याकाळी चष्म्याची घरं टोपलीत भरली आणि गेले. माझ्या लांबलेल्या रोपांची टोपली त्यांनी हातातून घेतली. खड्डे तयारच होते. मी येणार की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी वाफे ओले करून वर सावलीला कापड बांधून ठेवलं होतं. मी रोप काढून द्यायचं, त्यांनी पानांपर्यंत खोल लावून भोवतीची माती दाबायची. असा एक वाफा झाला, दुसरा झाला. त्यांच्या पायात तुझे मोजे होते. मी ओळखले आणि घाईने पुढचं रोप काढायला वाकले.

फ्लॉवरच्या वाफ्यापाशी मी म्हटलं, "थंडी संपली की हे सगळं रिकामं होईल. मग मी कशाला येऊ?"

ते म्हणाले, "तशाच या."

"तशी नाही यायची," मी म्हटलं. "लग्न करून येते."

ते मटकन खाली बसले, नेमके फ्लॉवरच्या रोपांवर. किती वेळ उठेचनात. मला वाटलं, तुझी औषधाची बाटली खरंच लागते की काय. मग हळूच म्हणाले, "हो." आणि पुन्हा म्हणाले, "हो." आणि मग दोघांनी मिळून चेपलेली रोपं सरळ केली. तीन वाचली नाहीत. मला त्यांचं अजिबात वाईट वाटलं नाही, कोबीच्या दोन पानांसाठी कामावर जायचं विसरणारी मीच का ही, असं झालं.

हसतेय गं मी सारखी. काल एका आजोबांना उजवी काच डावीकडे बसवून दिली. ते दारापर्यंत जाऊन खांबाला नमस्कार करून परत आले. मालक म्हणाले, आता चष्मा तुलाच लागणार. मी म्हटलं, नको, मला हवं ते दिसतंय.

लग्न साधंच करू, वाटाणे पेरून झाले की. राहायचं त्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत, कारण तिथून वाफे दिसतात. आणि काम मी सोडणार नाही.

हे सगळं ठरल्यावर त्यांनी मला तुला लिहिलेल्या पत्राचं सांगितलं. म्हणाले, मी ताईंना गप्प राहायची विनंती केली होती. मी विचारलं, मग? ते म्हणाले, मग काय, राहिल्या. ताई, मला आधी खरंच वाटेना. मग तुझी ती गाजराची दोन पानं पुन्हा काढली आणि एकेक ओळ तोंडावर हात दाबून लिहिलेली दिसायला लागली. माझ्यासाठी तू आजवर खूप धावपळ केलीस, पण त्या दोन पानांइतके कष्ट तुला कशातच पडले नसतील. ते वाचून जी रडले ती अजून मधूनमधून रडतेय, हसता हसता.

आता ये. मिळेल त्या गाडीने ये. दुसरा कप काढून ठेवलाय. इतके दिवस आत दाबून ठेवलंस ते सगळं इथे बसून पोटभर बोल. या वेळी मी उठून जाणार नाही.

तुझी
धाकटी